बायोमेट्रिक चाचणी आणि प्रमाणपत्रांचं सीमापार जाळं: आखणी कुठून सुरू करायची

मुंबईच्या व्हिसा केंद्रात तुम्ही दहाही बोटांचे ठसे देता आणि काही आठवड्यांनी झुरिचला उतरल्यावर तिथल्या काउंटरवर बोटं पुन्हा टेकवता. मधल्या काळात स्कॅनर बदललेला असतो, तो बनवणारी कंपनी बदललेली असते, देश तर बदललेला असतोच. शेंगेन व्हिसासाठी एकदा घेतलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुढच्या अर्जालाही चालतात. त्यामुळे कधीकधी ठसा घेणारं मॉडेल बाजारातून गेलेलं असतं आणि ठसा मात्र कामात असतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी प्रवेश-निर्गमन यंत्रणा, ईईएस, टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्यात २९ देश एकाच मध्यवर्ती माहितीसाठ्याला जोडलेले आहेत, पण सीमेवरचे कॅमेरे आणि स्कॅनर ज्याने त्याने आपापल्या टेंडरातून घेतलेले.

लिस्बनला घेतलेला चेहरा हेलसिंकीला ओळखू आला नाही, तर कोणत्या यंत्रात खोट आहे हे ठरवायला दोन्ही यंत्रं एकाच मापाने मोजलेली असावी लागतात. त्यासाठी देशोदेशीच्या लॅब आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचं जाळं लागतं. असं जाळं आखायचं काम अंगावर आलं तर ते कोणत्या क्रमाने करावं, याबद्दल हा लेख आहे. उदाहरणं मुख्यतः युरोपातली घेतली आहेत, कारण हा प्रश्न तिथे सर्वांत जास्त पिकला आहे. भारताचा धागा जिथे खरोखर जुळतो तिथे तोही आहे.

आधी प्रमाणपत्राचा नमुना लिहा

बहुतेक आराखडे लॅबच्या यादीपासून सुरू होतात. माझ्या मते ही सुरुवातच उलटी आहे. लॅब, माणसं, उपकरणं पैशाने उभी राहतात. दुसऱ्या देशातल्या लॅबचा रिपोर्ट वाचून खरेदी अधिकाऱ्याने 'पुन्हा चाचणी नको' म्हणणं, हे पैशाने होत नाही. म्हणून तो अधिकारी कोण आणि त्याला कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय, इथून सुरुवात करावी. सीमा-पोलिसांना रांग किती वेगाने पुढे सरकते आणि इतर देशांत घेतलेल्या ठशांशी आपलं यंत्र जुळतं का, हे हवं असतं. घरबसल्या खातं उघडून देणाऱ्या बँकेला कॅमेऱ्यासमोर खरा माणूस आहे की मोबाइलवर चालवलेला व्हिडिओ, याची चिंता. फोन बनवणाऱ्या कंपनीला सेन्सरचं प्रमाणपत्र हवं असतं, पूर्ण यंत्रणेचं नाही.

पहिल्या बैठकीआधीच एका पानाचं रिकामं प्रमाणपत्र लिहून काढा. त्यात उत्पादनाचं नाव आणि नेमकी आवृत्ती, सेन्सरचं मॉडेल, जुळणीचा उंबरठा (किती साम्य दिसलं की 'तोच माणूस' म्हणायचं ती मर्यादा) कितीवर ठेवला होता, किती आणि कोणत्या प्रकारच्या माणसांवर चाचणी झाली, उजेड आणि तापमान, यंत्राला फसवण्याचे कोणते हल्ले करून पाहिले, निकाल आणि त्यांची अनिश्चितता, मुदत, हे सगळं यावं. उंबरठ्याचा रकाना विसरला जातो आणि घोळ तिथेच होतो. तोच सॉफ्टवेअर-संच उंबरठा खाली आणला की भराभर माणसं आत सोडतो, वर नेला की निम्म्यांना अडवतो. चाचणी एका उंबरठ्यावर आणि विक्री दुसऱ्यावर, तर त्या कागदाला किंमत नाही. शेवटचा रकाना 'काय तपासलेलं नाही' असा ठेवा. विक्रेते कुरकुरतील, तरी ठेवा.

याच टप्प्यावर चाचणीचा प्रकार ठरतो. आयएसओ/आयईसी १९७९५ ही मानकमाला तीन प्रकार वेगळे करते: साठवलेल्या चित्रांवर अल्गोरिदमची चाचणी, लॅबमध्ये खरी माणसं बोलावून घेतलेली चाचणी, आणि प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणची चाचणी. पहिली कुठेही जशीच्या तशी पुन्हा करता येते. दुसरी मेहनतीने सारखी ठेवता येते. तिसरी त्या विमानतळाची, त्या हवामानाची असते. जाळ्याने पहिल्या दोन आपल्याकडे घ्याव्यात आणि तिसरी ज्या त्या देशावर सोडावी. तिन्ही एकत्र करायला निघालेला आराखडा बैठकांतच संपतो.

खरेदीदाराच्या बाजूने विचार केला की काय होतं त्याचं उदाहरण एफबीआयचं. बोटांच्या ठशांच्या स्कॅनरसाठी तिने चित्राच्या दर्जाची अट घातली आणि त्यात बसणाऱ्या यंत्रांची यादी जाहीर ठेवली. अमेरिकेबाहेरच्या टेंडरांतही 'एफबीआय सर्टिफाइड' ही अट सर्रास दिसते. त्यासाठी कुठल्या देशाशी वेगळा करार लागला नाही. अट स्पष्ट होती आणि यादी कुणालाही पाहता येत होती, एवढं पुरलं.

नवा करार लिहिण्याआधी जुने वाचा

परस्पर-मान्यतेची शिडी आधीच उभी आहे. लॅबसाठी आयएसओ/आयईसी १७०२५, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेसाठी १७०६५, आणि या दोघांना तपासणाऱ्या अ‍ॅक्रेडिटेशन संस्थेसाठी १७०११. युरोपीय संघात २००८ च्या ७६५ क्रमांकाच्या नियमाने प्रत्येक देशाला एकच राष्ट्रीय अ‍ॅक्रेडिटेशन संस्था ठेवता येते: जर्मनीत डीएकेकेएस, फ्रान्समध्ये कोफ्राक, स्पेनमध्ये एनाक. आपल्याकडे एनएबीएल. आयलॅक या आंतरराष्ट्रीय संघटनेने घडवलेल्या परस्पर-मान्यता करारातून या संस्था एकमेकींचं काम मान्य करतात.

मान्यता नेमकी कशाची, हे मात्र नीट समजून घ्या. आयलॅकच्या वाटेने मिळते ती 'ही लॅब ही चाचणी करायला लायक आहे' याची खात्री. उत्पादन स्वीकारायचं की नाही हा वेगळा निर्णय. आणि लॅबच्या भिंतीवर १७०२५ चं प्रमाणपत्र लटकतंय म्हणून खूश होऊ नका, त्याची जोडपत्रं मागा. व्याप्तीत विद्युत सुरक्षेच्या चाचण्या असतील आणि बायोमेट्रिकचा उल्लेखही नसेल, तर त्या लॅबने दिलेला ठशांचा रिपोर्ट अ‍ॅक्रेडिटेशनच्या छत्राबाहेरचा आहे.

प्रमाणपत्रालाच सीमापार मान्यता देणारी जुनी व्यवस्था म्हणजे आयटी उत्पादनांच्या सुरक्षा-तपासणीबद्दलचा कॉमन क्रायटेरिया करार. भारत २०१३ पासून त्यात प्रमाणपत्र देणारा देश आहे आणि ते काम एसटीक्यूसी ही केंद्र सरकारची चाचणी-प्रमाणीकरण यंत्रणा पाहते. पण २०१४ च्या सुधारणेनंतर ही मान्यता बरीच आकसली. सर्व देशांनी मिळून लिहिलेला संरक्षण-आराखडा (त्या प्रकारच्या उत्पादनाने पाळायच्या सुरक्षा-अटींचा दस्तऐवज) वापरला असेल तर ठीक, एरवी ती तपासणीच्या खालून दुसऱ्या पातळीपर्यंतच चालते. युरोपने स्वतःपुरती याच्या पुढची वाट काढली. २०२४ च्या ४८२ क्रमांकाच्या नियमाने ईयूसीसी ही सायबर-सुरक्षा प्रमाणपत्रांची योजना आली आणि २७ फेब्रुवारी २०२५ पासून ती लागू झाली. बायोमेट्रिकमधली सुरक्षा या चौकटीत कशी तोलायची हे आयएसओ/आयईसी १९९८९ सांगतं.

युरोपचा एआय कायदा (२०२४ चा १६८९) हाही आराखड्यात घ्यावा लागेल. दूरवरून माणसं ओळखणाऱ्या यंत्रणा त्याने 'उच्च जोखीम' गटात टाकल्या, आणि 'मी तोच आहे' एवढंच पडताळणाऱ्या यंत्रणा त्या गटाबाहेर ठेवल्या. पहिल्या प्रकारात विक्रेत्याने सुसंगत मानकं (कायद्याशी जुळवून ठरवलेली युरोपीय मानकं) पूर्णपणे पाळली नसतील तर अधिसूचित संस्थेकडून, म्हणजे अशा तपासणीसाठी अधिकृतपणे नेमलेल्या संस्थेकडून, तपासणी करून घ्यावी लागते. तुमच्या जाळ्यातल्या कुणाला अधिसूचित संस्था व्हायचंय का, हे पहिल्याच वर्षी विचारून ठेवा.

एवढं वाचून झालं की एक निर्णय घ्या: आधी चाचणी-रिपोर्टची देवाणघेवाण, प्रमाणपत्राची मान्यता नंतर. पहिल्यासाठी लॅबप्रमुखांच्या सह्या पुरतात. दुसऱ्यात मंत्रालयं येतात.

माणसं किती लागतील: हा हिशेब आधी मांडा

जाळं का हवं याचं खरं उत्तर आकड्यांत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

या क्षेत्रात दोन ठोकताळे चालतात. पहिला तीनचा: 'क्ष' स्वतंत्र प्रयत्नांत एकही चूक झाली नाही, तर ९५ टक्के खात्रीने खरा चुकीचा दर ३ भागिले 'क्ष' पेक्षा जास्त नाही. दुसरा तीसचा: निदान ३० चुका हाती लागल्या, तर ९० टक्के खात्रीने खरा दर मोजलेल्या दराच्या तीस टक्के इकडेतिकडे असतो.

समजा विक्रेता म्हणतो, परक्या माणसाशी चुकीची जुळणी १०,००० त १. शून्य चुकांनी हे दाखवायला ३०,००० तुलना हव्यात. २४५ माणसं बोलावून प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडून पाहिलं की २४५ गुणिले २४४ भागिले २, म्हणजे २९,८९० जोड्या होतात. फिडो अलायन्स या, पासवर्डविना लॉगिनची मानकं ठरवणाऱ्या उद्योगसंघटनेच्या बायोमेट्रिक चाचणीत २४५ हा आकडा दिसतो तो इथूनच. एकच माणूस २४४ जोड्यांत येतो, त्यामुळे या जोड्या काटेकोर अर्थाने स्वतंत्र नाहीत. व्यवहारात ही सूट घेतली जाते, मात्र रिपोर्टात तसं लिहायला हवं.

आता उलटी चूक घ्या: खऱ्या माणसालाच नाकारणं. इथे जोड्यांची जादू चालत नाही. माणसाची तुलना त्याच्याशीच करायची असते, आणि त्याच माणसाने दहा वेळा बोट टेकवलं तरी ते दहा स्वतंत्र प्रयत्न होत नाहीत. ज्याचं बोट लागत नाही त्याचं दहाही वेळा लागत नाही. एक टक्का नकाराचा दर तीसच्या ठोकताळ्याने मोजायचा तर ३,००० माणसं लागतात. खर्च इथे वाढतो: प्रवासभत्ता, मानधन, संमतिपत्रं, महिन्याभराने दुसरी फेरी. एका लॅबच्या आवाक्याबाहेरचं हे काम चार देशांत वाटलं की प्रत्येकी ७५० माणसं उरतात, आणि तेवढी जमवता येतात.

मग लगेच प्रश्न येतो, चारही लॅबचे चेहरे एकत्र करावेत का? हिशेब पाहा. प्रत्येक लॅबने आपल्या ७५० जणांच्या आपसात जोड्या लावल्या तर २,८०,८७५ होतात, चार लॅबच्या मिळून ११,२३,५००. सगळे ३,००० एकत्र केले तर ४४,९८,५००. म्हणजे सीमापार माहिती न नेल्यामुळे ३३ लाख ७५ हजार जोड्या हातच्या जातात. पण १०,००० त १ हा दर तीसच्या ठोकताळ्याने मोजायला ३ लाख तुलनाच लागतात. गरजेच्या तिप्पट-चौपट माल घरातच आहे.

शिवाय चेहऱ्याच्या बाबतीत त्या गमावलेल्या जोड्या बऱ्याचदा सोप्या असतात. फिनलंडमधली साठीची बाई आणि माल्टातला विशीतला तरुण यांच्यात कुठलाही बरा अल्गोरिदम गल्लत करत नाही. गल्लत होते एकाच वयाच्या, एकाच लिंगाच्या, एकाच भागातल्या माणसांत. सोप्या जोड्यांची भर घातली की सरासरी गोंडस दिसते, एवढंच. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: चित्रं जिथली तिथे राहू द्या, अल्गोरिदमला प्रवास करू द्या. अमेरिकेची निस्ट ही सरकारी मानक-संस्था वर्षानुवर्षं असंच करते. विक्रेते तयार लायब्ररी पाठवतात, चित्रं निस्टच्या बाहेर जात नाहीत. युरोपातही २०१२ ते २०१६ मध्ये बीट नावाच्या प्रकल्पाने, स्वित्झर्लंडमधल्या इडियाप संस्थेच्या पुढाकाराने, याच तत्त्वावर चाचणीचा मंच उभारला होता.

माणसं कुणासारखी असावीत

डिसेंबर २०१९ मध्ये निस्टने चेहरा ओळखणाऱ्या अल्गोरिदमांचा गटवार अहवाल काढला. कित्येक अल्गोरिदमांत आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांची चुकीची जुळणी गोऱ्या चेहऱ्यांच्या १० ते १०० पट होती. आशियात बनलेल्या काही अल्गोरिदमांत मात्र आशियाई चेहऱ्यांबाबत एवढी तफावत दिसली नाही. सीमापार जाळ्याचं यापेक्षा मोठं समर्थन मला सुचत नाही. एका देशाच्या लॅबला हवी तशी विविधता आपल्या शहरात मिळतच नाही.

बोटांच्या ठशांत अडचण वेगळी. रेशन दुकानात 'अंगठा लागत नाही' म्हणून माघारी जाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. वय झालेली, विटा उचलणारी, धुणी-भांडी करणारी, शेतात राबणारी. कॉलेजची पोरं आणि लॅबचे कर्मचारी गोळा करून केलेल्या चाचणीत ती कुठेच नसतात, आणि निकाल चकचकीत येतो. वय, कामाचं स्वरूप, लिंग, त्वचेचा रंग यांचे कोटे जाळ्याच्या नियमावलीत लिहा, आणि प्रत्येक गटाचा निकाल स्वतंत्र मागा. गटवार फरक कसा मोजायचा यावर २०२४ मध्ये आयएसओ/आयईसी १९७९५-१० हे मानक आलं आहे. हवाही लिहा: हिवाळ्यात हेलसिंकीत कोरडी पडलेली बोटं आणि मुंबईच्या पावसाळ्यातली ओलसर बोटं एकाच स्कॅनरवर वेगळी वागतात.

कायद्याची बाजू थोडक्यात. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण नियमाच्या नवव्या कलमात ओळख पटवण्यासाठीची बायोमेट्रिक माहिती विशेष गटात येते, त्यामुळे स्पष्ट संमती लागते आणि ती मागे घेता येते. संमती मागे घेतली की चित्र पुसावं लागतं, आणि चित्र पुसलं की तीच चाचणी हुबेहूब पुन्हा करता येत नाही. तेव्हा रिपोर्टाला आधार म्हणून माणसाशी न जोडता येणारे जुळणीचे गुण वेगळे जपून ठेवायची सोय सुरुवातीपासून करा, आणि संमतिपत्रात ती लिहून घ्या. भारतातून कुणी भागीदार येणार असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही बाजूला ठेवून वाचा.

नकली बोटं आणि नकली चेहरे

२००२ मध्ये योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातल्या त्सुतोमु मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी जिलेटिनची बोटं करून बाजारातले स्कॅनर फसवून दाखवले. तेव्हापासून ही चाचणी टाळता येत नाही. तिचं मानक आयएसओ/आयईसी ३०१०७-३, २०१७ चं, २०२३ मध्ये सुधारलेलं.

इथली पहिली लढाई सरासरीशी. समजा दहा प्रकारच्या नकली बोटांपैकी नऊ प्रकार स्कॅनरने शंभर टक्के पकडले आणि दहावा, पातळ सिलिकॉनचा, शंभरातल्या चाळीस वेळा आत गेला. सरासरी काढली तर चार टक्के, जाहिरातीत छान दिसेल. चोर मात्र सरासरी बोट वापरत नाही, तो सिलिकॉनचंच वापरणार. मानक प्रत्येक प्रकाराचा दर वेगळा मागतं. जाळ्याने प्रमाणपत्रावर सर्वांत वाईट प्रकाराचा आकडा ठळक छापायचा नियम करावा. आणि त्याच्या शेजारी, खऱ्या माणसांना नकली समजून किती वेळा अडवलं, तेही. दुसरा आकडा नसेल तर पहिला कितीही सुंदर करता येतो, कारण सगळ्यांनाच अडवलं की झालं.

दुसरी लढाई कारागिरीशी. जिलेटिनचं बोट सुकतं, आकसतं, काही तासांत त्याच्या रेषा बदलतात. त्यामुळे तयार बोटं कुरियरने पाठवणं व्यर्थ आहे. साचे पाठवा, पाककृती पाठवा: जिलेटिनचं पाण्याशी प्रमाण, ओतताना तापमान, किती मिनिटांनी वापरायचं, किती वेळा वापरून टाकून द्यायचं. साचा हाही कुणाचातरी ठसाच असतो, त्यामुळे त्यालाही संमती आणि कुलपाचं कपाट दोन्ही लागतं. एवढं करूनही एका लॅबमधला हात बसलेला माणूस स्कॅनर फसवतो आणि दुसऱ्या लॅबमधला नवखा फसवू शकत नाही. नवख्याच्या लॅबने दिलेलं प्रमाणपत्र मग नकळत सोपं ठरतं. कारागिरांना एकमेकांच्या लॅबमध्ये आठवडाभर पाठवण्याची तरतूद अंदाजपत्रकात ठेवा. कितीही पानांची नियमावली लिहिली तरी हातचं कसब तिच्यातून पोचत नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत कॅमेऱ्यासमोर धरलेला फोटो आणि मुखवटा आता जुने झाले. हल्लेखोर कॅमेऱ्यालाच वळसा घालून बनावट व्हिडिओ थेट सॉफ्टवेअरमध्ये सोडतो. त्यासाठी युरोपात २०२४ मध्ये सीईएन/टीएस १८०९९ हा वेगळा दस्तऐवज आला. दूरस्थ ओळख-पडताळणीचं जाळं आखत असाल तर ३०१०७ एकटं पुरणार नाही.

लॅबची लॅबशी गाठ घाला

लॅब एकसारख्या आहेत हे सिद्ध करायची रीत आयएसओ/आयईसी १७०४३ मध्ये आहे: एकच नमुना सर्वांकडे फिरवायचा आणि निकाल जुळवायचे. बायोमेट्रिकमध्ये अडचण अशी की यंत्र तेच असलं तरी माणसं बदलतात, आणि फरक लॅबचा की माणसांचा हे कळत नाही. म्हणून तीन पदरी योजना करा. सीलबंद चित्रसंच आणि तोच अल्गोरिदम सर्वांना द्या. इथे निकाल शेवटच्या अंकापर्यंत जुळलाच पाहिजे, नाही जुळला तर चूक लॅबची. मग तेच साचे, तीच पाककृती देऊन नकली बोटांचे प्रकारवार आकडे ताडून पाहा. आणि तिसरं, प्रत्येक लॅबमध्ये एक ठरलेलं संदर्भ-यंत्र ठेवा, जे प्रत्येक चाचणीत उमेदवार यंत्राच्या शेजारी, त्याच माणसांवर चालवायचं. संदर्भ-यंत्राचा नकाराचा दर एका देशात अचानक दुप्पट झाला, तर उमेदवार यंत्राला बोल लावण्याआधी त्या लॅबचा उजेड, थंडी किंवा माणसांची निवड पाहावी लागेल.

पैसा, पळवाटा, आवृत्त्या

चाचणीचे पैसे विक्रेता देतो. म्हणजे एका लॅबमध्ये नापास झालेला विक्रेता गुपचूप दुसरीकडे जाणार, हे गृहीत धरा. उपाय सोपा आहे: चाचणी सुरू होतानाच उत्पादन आणि आवृत्ती जाळ्याच्या अंतर्गत नोंदवहीत चढवायची. नापासाचा निकाल बाहेर फुटणार नाही, पण पुढच्या लॅबला आधीचा प्रयत्न दिसेल. ही अट करारात पहिल्या दिवशी घाला, नंतर कुणी सही करत नाही.

आवृत्तीचा प्रश्न जास्त किचकट. ईयूसीसीत प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांपर्यंत असू शकते, आणि चेहऱ्याचा अल्गोरिदम त्या काळात कितीदा तरी बदलतो. कोणत्या बदलाला नुसती सूचना पुरेल (रंग, भाषा, स्क्रीनची मांडणी), कोणत्याला फक्त सीलबंद चित्रसंचावरची फेरचाचणी (जुळणीचं मॉडेल), आणि कोणत्याला सगळं पुन्हा (सेन्सर, प्रकाशयोजना), असा तक्ता करा. उंबरठा बदलणं दुसऱ्या गटात टाका, पहिल्यात कधीही नको.

पहिल्या वर्षी पसारा लहान ठेवा: तीन लॅब, बायोमेट्रिकचा एकच प्रकार, 'मी तोच' एवढीच पडताळणी, आणि बाजारात मुरलेलं एखादं यंत्र. मी बोटांचा स्कॅनर घेईन, कारण साचे आणि संदर्भ-यंत्रं लवकर जमतात. भारतातल्या कंपनीने यात शिरायचं तर आधारच्या उपकरणांसाठी एसटीक्यूसीकडून झालेल्या चाचणीचे रिपोर्ट तयार असतील. ते जाळ्याच्या नमुना-प्रमाणपत्राशेजारी ठेवून रकाने ताडावेत. चित्राचा दर्जा बहुधा जुळेल. माणसांची संख्या, गटवार निकाल आणि नकली बोटांचे प्रकार इथे मात्र बारकाईने पाहावं लागेल.

आणि करारावर सह्या होण्याआधी रद्द करण्याचं कलम पूर्ण करा. कुठल्याशा लॅबला एखादी नवी पाककृती सापडते आणि प्रमाणपत्र मिळालेले चार स्कॅनर एका दुपारी फसतात. तेव्हा आधी कुणाला कळवायचं, विक्रेत्याला दुरुस्तीला किती दिवस, सीमेवर ते यंत्र वापरणाऱ्या देशाला केव्हा सांगायचं, आणि ठरल्या मुदतीत दुरुस्ती आली नाही तर जाहीर यादीतून नाव कोण काढणार. शेवटच्या कामासाठी समिती नेमू नका. एका पदाचं नाव लिहा, आणि त्या पदावरचा माणूस रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण, तेही लिहा.